जपानचा कचरा कुठं जातो?

जपानहून येऊन दोन महिने होत आले. बाजारात, लग्नात, दवाखान्यात, भेटेल तो एकच विचारतो, “बाई, लई स्वच्छ आहे म्हणं तिकडं?” आहे. खोटं कशाला सांगू. नऊ दिवसांत रस्त्यावर पडलेली एक पुडी दिसली नाही. मग समोरचा मान हलवतो आणि ठरलेलं वाक्य टाकतो, “त्यांच्या रक्तातच आहे ते. आपल्या लोकांना शिस्तच नाही.” विषय संपला.

मला हे दुसरं वाक्य पटत नाही, म्हणून ही पोस्ट. मोठी होणार आहे, सवडीनं वाचा.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मी पणदऱ्याची. ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, बरीचशी बारामती तालुक्यात आणि मधली सात वर्षं इंदापूरकडं. रिटायर होऊन तीन वर्षं झाली. मिस्टरांना प्रवासाची आवड नाही. ऊस, पाण्याची पाळी आणि कारखान्याचा दर एवढंच त्यांचं जग. पुण्याच्या एका टूर कंपनीची जाहिरात आली, पारंपरिक आणि आधुनिक जपान, नऊ दिवस, माणशी साडेतीन लाखाच्या आसपास. मिस्टर म्हणाले, “दीड-दोन एकराचा ऊस गेला की.” मी म्हटलं, “माझ्या फंडातला गेला, तुमच्या फडातला नाही.”

ग्रुपमध्ये आम्ही ३४ जण. बारामती, फलटण, इंदापूर, अकलूज, बाकी पुण्याचे. दोन डॉक्टर, एक डाळिंबवाले काका, तीन रिटायर शिक्षिका, एक नवं जोडपं जे कायम सगळ्यांच्या मागं राहायचं. बॅगांमध्ये कपडे कमी आणि चिवडा, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी जास्त. आमच्या भागातल्या लोकांसाठी रात्री गाडी केलेली. नीरा, जेजुरी, सासवड, दिवेघाट. घाट उतरून फुरसुंगी-उरुळी देवाचीच्या जवळ आलो, तशी पुढच्या सीटवरून आवाज आला, “आलं बरं का पुणं, नाक सांगतंय.” सगळे हसले. गेल्या तीस वर्षांत सासवड रोडनं ज्यांनी ये-जा केलीय त्यांना या विनोदाचा अर्थ सांगायला नको. हे फुरसुंगी पुढं लागणार आहे, लक्षात असू द्या.

टोकियोत पहिलं ठिकाण असाकुसाचं सेन्सोजी मंदिर. मोठा लाल कंदील, दोन्ही बाजूंना दुकानांची गल्ली, अगदी आपल्या जेजुरीच्या पायथ्यासारखी. फक्त भंडाऱ्याऐवजी तांदळाची बिस्किटं. परंपरेप्रमाणं स्थापना इसवी सन ६२८ ची. सगळे “तेराशे-चौदाशे वर्षं जुनं!” म्हणून फोटो काढत होते. गाईड बाई जपानी, इंग्रजी तुटक पण माहिती पक्की. त्या शांतपणे म्हणाल्या की मार्च १९४५ च्या बाँबहल्ल्यात हे जळालं, आत्ता दिसतंय ते १९५८ चं बांधकाम आहे, आणि ते काँक्रीटचं आहे. पुढं क्योतोत सोन्याचं मंदिर बघितलं, किन्काकुजी. तेही १९५० साली जाळलं गेलं, १९५५ ला पुन्हा उभं केलं. म्हणजे आमच्या माळेगाव कारखान्याच्याच पिढीचं. ओसाकाचा किल्ला तर आतून लिफ्टवाला, १९३१ चा. याचा अर्थ ते खोटं आहे असा नाही. जळालं, पुन्हा बांधलं, पैसे गोळा केले, नकाशे काढले, सुतार शोधले. एवढंच की आपण ज्याला “परंपरा” म्हणून माना डोलावतो, त्यातलं बरंच काही माझ्या आईच्या हयातीत कुणीतरी ठरवून उभं केलेलं आहे. स्वच्छतेचंही असंच निघालं. पण टूरमध्ये ते कुणी दाखवत नाही.

दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की रस्त्यावर कचरापेट्याच नाहीत. मार्च १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत एका पंथाच्या लोकांनी विषारी वायू सोडला, त्यानंतर सुरक्षेसाठी स्टेशनांवरच्या आणि रस्त्यावरच्या बऱ्याच पेट्या काढल्या, त्या पुष्कळ ठिकाणी परत आल्याच नाहीत. मग लोक काय करतात? खिशात ठेवतात, घरी नेतात. आता गंमत ऐका. ज्यांना मी गावाकडं गाडीची काच खाली करून बाटली भिरकावताना बघितलंय, असे आमच्याच ग्रुपमधले एक गृहस्थ नऊ दिवस चिवड्याची रिकामी पिशवी घडी घालून खिशात घेऊन फिरले. रात्री हॉटेलवर टाकायची, सकाळी पुन्हा नवी. कुणी दंड केला नाही, कुणी ओरडलं नाही. आणि मुंबईला उतरून आमची गाडी घाट चढेपर्यंत काच पुन्हा खाली. नऊ दिवसांत रक्त दोनदा बदलतं का हो?

बाकी जे सगळे बघतात ते आम्हीही बघितलं. शिबुयाचा चौक, फुजीचा पायथा (फुजी ढगात होता, पैसे वसूल झाले नाहीत असं दोघांचं मत), फुशिमी इनारीच्या लाल कमानी, नाराची हरणं. डाळिंबवाल्या काकांच्या हातातला टूरचा कागद एका हरणानं खाल्ला, तेव्हापासून ते प्रत्येक ठिकाणी “आता कुठं?” विचारायचे. टोकियो स्टेशनवर बुलेट ट्रेनची सफाई बघायला आम्हाला मुद्दाम लवकर नेलं. गाडी रिकामी झाली की सात मिनिटांत गणवेशातली माणसं सगळा डबा झाडून, सीट फिरवून, टेबलं पुसून बाहेर येतात आणि प्रवाशांसमोर वाकतात. ३४ जणांनी ३४ व्हिडिओ काढले. ते तुम्ही व्हॉट्सॲपवर बघितलेच असतील.

मला मात्र सारखं एकच डोक्यात येत होतं. इथं बिस्किटाच्या पुड्यात प्रत्येक बिस्किट वेगळ्या कागदात. केळीसुद्धा प्लॅस्टिकात. आपल्यापेक्षा यांचं वेष्टन कितीतरी जास्त. मग हे सगळं जातं कुठं? टूर मॅनेजर पोराला विचारलं. गुणी पोरगा, पण म्हणाला, “मॅडम, इथं कचरा होतच नाही.”

चौथा दिवस मोकळा होता. बाकीचे खरेदीला गेले, मी भाचीकडं. ती निशी-कसाईला राहते, टोकियोच्या एदोगावा वॉर्डात. नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून तिथं आपल्याकडची कॉम्प्युटरवाली मंडळी राहायला गेली, आता मराठीही भरपूर आहेत. याच वॉर्डाच्या सभेवर २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले होते, जपानमध्ये निवडणूक जिंकणारे भारतात जन्मलेले पहिलेच. भाचीच्या घरात फ्रिजवर आपल्याकडं कालनिर्णय असतं तसं कचऱ्याचं कॅलेंडर. आठवड्यातून दोन दिवस जळणारा कचरा, एक दिवस बाटल्या-डबे-कागद, महिन्यातून दोनदा न जळणारा. सकाळी आठच्या आत ठरलेल्या कोपऱ्यावर, कावळ्यांसाठी वर जाळी. चुकीच्या दिवशी ठेवलं तर गाडीवाले उचलत नाहीत, वर एक चिठ्ठी चिकटवून पिशवी तिथंच सोडून जातात. भाची म्हणाली, “मावशी, पहिल्या वर्षी माझी पिशवी तीनदा तशी राहिली. पूर्ण बिल्डिंग येता-जाता बघायची. चौथ्यांदा नाही राहिली.” यात कुठं आलं रक्त?

तिची मुलगी तिथल्या सरकारी शाळेत तिसरीला. शाळा सुरू होताना घरून शिवलेलं फरशी पुसायचं फडकं न्यावं लागतं. रोज मुलं आपला वर्ग, जिना झाडतात-पुसतात. मला माझी शाळा आठवली. शनिवारी आम्हीही सडा, सारवण, पटांगण करायचो. पुढं पालक भांडायला यायला लागले, “पोराला शिकायला पाठवलंय का झाडायला?” आणि खरं सांगायचं तर त्या भांडणातलं अर्धं बरोबर होतं. कारण आपल्याकडं “कोण झाडणार” हे विचारलं की मास्तरची नजर कुठल्या वस्तीतल्या पोरांकडं जाते, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मी हजेरीच्या नंबरानं पाळी लावायचे. पाटलाचा नातू असो की कुणी, नंबर आला की झाडू. दोन घरं माझ्याशी वर्षभर बोलली नाहीत.

तर भाचीला विचारलं, तुमच्या त्या गाड्या जातात कुठं? ती म्हणाली, “चल, दाखवते.”

घरापासून जवळच खाडीच्या पलीकडं एक बेट आहे. नाव युमेनोशिमा. अर्थ, स्वप्नांचं बेट. आज तिथं बाग आहे, मैदानं आहेत, मोठं काचेचं घुमटाकार घर आहे, आत केळी, नारळ, फणस जातीची झाडं. बाहेर गारठा आणि आत आपल्याकडच्या जूनसारखी उष्मा. ही ऊब येते शेजारच्या कचरा जाळायच्या कारखान्यातून. आणि या बागेच्या खाली काय आहे? कचरा. १९५७ पासून दहा वर्षं सगळ्या टोकियोचा कचरा इथं समुद्रात टाकून भराव केलाय.

तिथं एक जुनी लाकडी मासेमारीची बोट पण ठेवलीय. १९५४ साली अमेरिकेनं बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँबची चाचणी केली, त्याची राख या बोटीवरच्या लोकांवर पडली होती. पुढं ती बोट निकामी झाल्यावर याच कचऱ्यात आणून टाकलेली होती. लोकांनी चळवळ करून ती वाचवली. म्हणजे इतिहाससुद्धा त्यांनी कचऱ्यातून उचलून ठेवलाय. हे विषयांतर झालं, पण राहवलं नाही.

मुद्द्यावर येते. १९६५ च्या उन्हाळ्यात या बेटावरून माश्यांचे थवे उठले आणि समोरच्या कोतो वॉर्डातल्या घरांत, शाळांत घुसले. शेवटी सरकारनं बेटावरचा कचरा पेटवून दिला. आदल्याच वर्षी याच शहरानं ऑलिंपिक भरवून जगाची वाहवा घेतली होती. रस्ते धुतले, पाहुण्यांसाठी शहर चकचकीत केलं, आणि कचरा कोतोच्या दारात नेऊन ओतला. आम्ही ज्या सुमिदा नदीत बोटीतून फिरलो, फोटो काढले, त्या नदीला साठच्या दशकात इतका वास होता की तिच्यावरची विद्यापीठांची नावांची शर्यत बंद करावी लागली. साठ वर्षांपूर्वीच्या टोकियोत आपली मुळा-मुठा वाहत होती म्हणा ना.

कोतो म्हणजे गोद्या, छोटे कारखाने, कामगारांची वस्ती. २३ वॉर्डांचा कचरा घेऊन रोज पाच हजारांच्या घरात गाड्या त्यांच्या रस्त्यांवरून जायच्या. पाणी गळायचं, वास, अपघात. आणि दुसऱ्या टोकाला सुगिनामी वॉर्ड. शिकलेल्या, बऱ्या घरच्या लोकांचा. तिथं कचरा जाळायचा कारखाना बांधायचं ठरलं, तर तिथल्या लोकांनी विरोध केला, आमच्या दारात नको म्हणून. सप्टेंबर १९७१ मध्ये टोकियोचे गव्हर्नर मिनोबे यांनी विधानसभेत उभं राहून जाहीर केलं की हे कचऱ्याविरुद्धचं युद्ध आहे. नावच पडलं, कचरा युद्ध. तरी सुगिनामी हलेना. मग मे १९७३ मध्ये कोतोचे लोक, त्यांच्या वॉर्डाचे निवडून आलेले लोक, रस्त्यावर उतरले आणि सुगिनामीच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. तुमचा कचरा तुमच्या घरी न्या. सुगिनामीच्या कोपऱ्यांवर ढीग साचले. १९७४ साली कोर्टात तडजोड झाली, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सुगिनामीत कारखाना सुरू झाला, भर वस्तीत, रेल्वे स्टेशनजवळ. रहिवाशांना कारभारात बसायला जागा मिळाली, आणि कारखान्याच्या उष्णतेवर पोहण्याचा गरम पाण्याचा तलाव.

यातून निघालेलं तत्त्व एका ओळीचं आहे. ज्या वॉर्डाचा कचरा, त्या वॉर्डानं बघावा. आजही २३ पैकी सगळ्या वॉर्डांत कारखाना नाही, काही एकमेकांचा वापरतात, तिथंही ओढाताण आहे. पण कचरा फुकट दुसऱ्याच्या दारात टाकायची सोय संपली. आणि ती संपल्यावर माणसं वर्गीकरण शिकली. मला तरी क्रम असा दिसतो. आधी गाडी अडली, मग शिस्त आली. आपल्याला टूरमध्ये फक्त शिस्त दाखवतात.

हे सगळं भाची मला बागेतल्या बाकावर बसून मोबाईलवर वाचून दाखवत होती, आणि माझ्या डोळ्यासमोर फुरसुंगी. पुण्याचा कचरा पूर्वी कोथरूडला पडायचा. कोथरूडला बंगले झाले, सोसायट्या झाल्या, आणि कचरा उरुळी देवाची-फुरसुंगीला गेला. तिथल्या विहिरींचं पाणी गेलं. त्या गावांत मुलगी द्यायला लोक नको म्हणायला लागले, हे आमच्या नात्यागोत्यात ऐकलेलं आहे. २०१७ च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागली, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, तीनेक आठवडे पुण्याचे रस्ते कचऱ्यानं भरले. तेव्हाच्या बातम्या आठवा. पेपरात, टीव्हीवर “पुणेकरांचे हाल”. फुरसुंगीकरांचे हाल त्याच्या आधी पंचवीस वर्षं चालू होते, त्याला ठळक मथळा नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ही गावं महापालिकेत घेतली, नंतर बाहेर काढून वेगळी नगरपरिषद केली. आत की बाहेर, याची चर्चा खूप झाली.

कोतोनं अडवलेल्या गाड्या जपानच्या इतिहासात गेल्या. फुरसुंगीनं अडवलेल्या गाड्या आपल्या आठवणीत “आंदोलनामुळं गैरसोय” एवढ्याच राहिल्या. आमच्या गाडीत तर त्या विनोद झाल्या. मी हे त्या विनोद करणाऱ्यांना क्योतोच्या वाटेवर सांगितलं. बुलेट ट्रेनमध्ये सव्वादोन तास होते. ते ऐकून घेऊन म्हणाले, “बाई, तुम्ही टूरला आलाय का तपासणीला?” आम्ही दोघंही हसलो. माणूस चांगला आहे.

ओसाकात एक मजा झाली. शेवटच्या दिवशी बसमधून खाडीच्या बाजूला रंगीबेरंगी इमारत दिसली. निळा उंच मनोरा, वर सोनेरी गोळा, वेड्यावाकड्या खिडक्या, भिंतींवर लाल-पिवळे पट्टे, गच्चीवर झाडं. अकलूजच्या डॉक्टर वहिनी म्हणाल्या, “हे आपल्या प्रोग्रॅममध्ये का नाही? मुलांचं पार्क दिसतंय.” गाईड बाई हसल्या. तो माइशिमाचा कचरा जाळायचा कारखाना, २००१ सालचा, ऑस्ट्रियाच्या हुंडर्टवासर या कलावंताकडून रूप करून घेतलेला. मनोरा म्हणजे धुराडं. सगळी बस एका बाजूला झुकली. खर्च फार झाला म्हणून त्यावर तिकडं टीकाही होते, असं त्या म्हणाल्या. झाली असेल. पण कचऱ्याची जागा लपवायची नाही, उलट लांबून दिसेल अशी करायची, हे माझ्या डोक्यात राहिलं. आपल्याकडं कचऱ्याची जागा कशी ओळखायची? गावाची शेवटची घरं जिथं संपतात तिथं. आणि ती शेवटची घरं कुणाची असतात, ते मी लिहायला नको.

जपानी लोकांचं फार कौतुक करत बसले असं वाटत असेल तर दुसरी बाजू पण लिहिते. त्यांच्याकडंही हे होतं. कातडी, कत्तलखाना, मेलेली जनावरं, साफसफाई ही कामं करणाऱ्या लोकांना वेगळ्या वस्त्यांत ठेवायचे, बुराकुमिन म्हणतात त्यांना. १८७१ साली सरकारनं हुकूम काढून तो भेद कागदावर रद्द केला. लग्न जुळवताना, नोकरी देताना तो चालूच राहिला. १९२२ साली क्योतोत या लोकांनी स्वतःची संघटना काढली. आपण क्योतोत सोळा देवळं बघतो, ही जागा कुणी दाखवत नाही. कोयासानच्या विद्यापीठात २०१५ साली बाबासाहेबांचा पुतळा बसला, तोही नेहमीच्या टूरमध्ये नसतो. सात मिनिटांत डबा झाडणाऱ्या बाईला वाकून नमस्कार करणारा देश आणि पिढ्यान्‌पिढ्या घाण काढणाऱ्याला गावाबाहेर ठेवणारा देश, एकच आहे. रक्तात असतं तर दोन्ही कसं असतं?

आणि आपल्याकडं काहीच नाही असंही नाही. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांनी १९९३ साली बाबा आढावांच्या साथीनं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. पुढं त्यातूनच स्वच्छ ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था झाली, त्या घरोघर जाऊन ओला-सुका वेगळा घेतात. आमच्या साखर कारखान्यांच्या भागात सहकार म्हटलं की ऊस आणि दूध. कचऱ्याचा सहकार पुण्यातल्या सगळ्यात गरीब बायकांनी करून दाखवला. जपानहून आलेली मंडळी मशीन आणा म्हणतात. आपला कचरा निम्म्याहून जास्त ओला, भाजीचा, खरकट्याचा. तो जाळायला वर डिझेल ओतावं लागेल. आपल्याला खड्डा, गांडूळ आणि वेगळं करणारा हात लागतो. जपानातल्या कामिकात्सु नावाच्या छोट्या गावानंही हेच केलं. २००३ साली शून्य कचऱ्याचा ठराव केला. तिथं घरोघर गाडी फिरत नाही, लोक स्वतः आणून चाळीसच्या वर प्रकारांत वेगळं ठेवतात आणि ओलं घरीच जिरवतात. १०० टक्के त्यांनाही जमलं नाही, ऐंशीच्या आसपास जमलं. पणदऱ्यापेक्षा कितीतरी लहान गाव आहे ते.

संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २००० साली सुरू झालं, आर. आर. आबा ग्रामविकास मंत्री होते. तेव्हा मी इंदापूर तालुक्यात होते. काय दिवस होते! प्रभातफेऱ्या, रांगोळ्या, रात्री बारापर्यंत गावात झाडू. म्हातारे, पोरं, सरपंच, सगळे. ज्यांना “शिस्त नाही” म्हणतात तीच ही माणसं. बक्षिसं लागली, काही गावं कायमची बदलली. पण एका गावात मी हेही बघितलंय की कमिटी यायच्या आदल्या रात्री सगळा कचरा ट्रॉलीत भरून ओढ्याच्या पलीकडं लोटला. पलीकडची हद्द शेजारच्या गावाची. त्या गावालाही कमिटी येणार होती. त्यांनी काय केलं असेल याचा विचार तुम्हीच करा.

आता आपल्या पट्ट्याकडं बघू. नीरा-बारामती रस्त्यावरची आपली गावं आता नुसती गावं राहिली नाहीत. एमआयडीसी आली, भाड्याच्या खोल्या झाल्या, मंगल कार्यालयं, हॉटेलं, मेडिकल, मोबाईलची दुकानं. पाच हजार पानांचं लग्न होतं आणि थर्माकोलच्या ताटल्या दुसऱ्या दिवशी कालव्याच्या भरावावर असतात. घंटागाडी येते, गाणं वाजवत येते, आपण डबा ओततो आणि आत येतो. पुढं काय होतं ते विचारत नाही. सुगिनामीचे लोकही विचारत नव्हते. डाव्या कालव्याचं पाणी टेलला इंदापूरकडं जातं, त्याच्याबरोबर आपल्या ताटल्याही जातात. तिकडच्या शाळेत असताना पाळी सुटली की चारीच्या तोंडाशी काय येऊन अडकायचं ते मी सात वर्षं बघितलंय. इंदापूरकरांनी अजून गाडी अडवलेली नाही, कारण कालवा अडवता येत नाही.

पुष्कळांनी इनबॉक्समध्ये टूरचा खर्च, व्हिसा, जेवणाचं काय, असं विचारलंय. ते सगळं वेगळ्या पोस्टमध्ये लिहीन, शाकाहाऱ्यांचे हाल होत नाहीत एवढं आत्ता सांगते. एप्रिलमध्ये गेलात तर स्वेटर न्या. आणि टोकियोत अर्धा दिवस मोकळा मिळाला तर युमेनोशिमाला जा, शिन-किबा स्टेशनवरून चालत जाता येतं.

गावातल्यांसाठी एक निरोप. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी मी लेखी प्रश्न दिलाय. एकाच ओळीचा आहे: आपल्या घंटागाडीतला कचरा कुठल्या गट नंबरात टाकला जातो, आणि त्या गटाला लागून कुणाकुणाची घरं आहेत. भाऊसाहेब म्हणाले, “बाई, हे विषयपत्रिकेत कसं लिहू?” म्हटलं, “आहे तसंच लिहा.” त्यांनी अर्ज घेतलाय, पोच दिलीय. सभा झेंडावंदनानंतर लगेच आहे. शेवटच्या घरातली माणसं मागच्या सभांना फारशी दिसली नव्हती, त्यांना मी स्वतः जाऊन सांगणार आहे.